व्यंगचित्रांचा संग्रह जपताना या चुका टाळा

व्यंगचित्राचं मूळ चित्र काढलेलं असतं छापखान्यासाठी. म्हणून त्यावर फिकट निळ्या पेन्सिलीच्या रेषा असतात, चुकलेल्या जागी पांढरा पोस्टर कलर असतो, एखादा चेहरा वेगळ्या कागदावर पुन्हा काढून वर डकवलेला असतो, कडेला ‘तीन कॉलम’ अशी सूचना असते. संग्रह हाती आल्यावर पहिली चूक इथेच होते. हा सगळा मळ समजून लोक खोडरबर हातात घेतात.

ती रेष मुद्दाम निळी असते. छापखान्यातल्या कॅमेऱ्याची लिथो फिल्म फिकट निळा आणि पांढरा यांत फरक करत नसे, त्यामुळे कच्चं रेखाटन छपाईत उतरत नसे. चित्रकाराने आधी मान कुठे वळवली होती आणि नंतर विचार कसा बदलला, याचा तो एकमेव पुरावा असतो. खोडला की कायमचा गेला. धूळ मऊ ब्रशने, मधून कडेकडे झटका. ओलं फडकं लावूच नका. वॉटरप्रूफ काळी शाई पाण्याला दाद देत नाही, पण तिच्यावरचा पांढरा रंग लगेच सुटतो आणि रेषेवर पसरतो.

सेलोटेप आणि लॅमिनेशन

सेलोटेपचं नुकसान टप्प्याटप्प्याने दिसतं. आधी गोंद पिवळा पडतो, मग तेलासारखा कागदात झिरपतो, शेवटी वरची पट्टी आपोआप गळून पडते आणि खाली तपकिरी डाग उरतो. तो डाग सहसा पूर्ण निघत नाही. जुनी पट्टी ओढून काढू नका, कागदाचा पापुद्रा सोबत येतो. थिनर लावला तर बॉलपेन आणि मार्करची शाई फुटते. अशी चित्रं कागद-संवर्धकाकडेच द्यावीत. साधी फाट असेल तर जपानी टिश्यूची, म्हणजे लांब तंतूंच्या पातळ पण चिवट कागदाची, ५ ते ८ मिलिमीटर रुंद पट्टी हाताने फाडून घ्या (कापलेली नको, फाडलेल्या कडेचे तंतू नीट बसतात). ती गव्हाच्या स्टार्चच्या घट्टसर खळीने मागच्या बाजूने लावा आणि टिपकागदांमध्ये वजनाखाली वाळू द्या.

लॅमिनेशन म्हणजे कागदाला कायमची कैद. वर्तमानपत्राच्या कागदात लाकडाच्या लगद्यातलं लिग्निन असतं; त्यातून तयार होणारं आम्ल आतच कोंडतं आणि उष्णतेने चिकटलेलं प्लॅस्टिक पुन्हा सोडवता येत नाही.

पिशव्या आणि पावसाळा

पिशवी उघडताच नव्या रेक्झिनसारखा उग्र वास आला, तर ती बहुधा पीव्हीसीची आहे. तिच्यात ठेवलेल्या झेरॉक्सचा टोनर पिशवीलाच चिकटतो. पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीन वापरा. मात्र पेन्सिल, कोळसा, पेस्टल किंवा पोपडे धरलेला रंग असेल तर पॉलिएस्टरही नको. त्याच्या स्थिर विजेने रंगाचे कण ओढले जातात. तिथे आम्लमुक्त कागदाची घडीच बरी.

मुंबई-कोकणात पावसाळ्यात आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते आणि ६५ च्या पुढे बुरशीला संधी मिळते. एसी फक्त कार्यालयीन वेळेत चालवणं ही सर्रास होणारी चूक आहे. रोजच्या चढ-उताराने कागद ताणतो, आकसतो आणि रंगाला तडे जातात. त्यापेक्षा आर्द्रताशोषक यंत्र सलग चालवा, कपाट बाहेरच्या भिंतीपासून हातभर सरकवा आणि खालचा कप्पा जमिनीपासून १५ सेंटिमीटर वर ठेवा. इंद्रजाल कॉमिक्ससारख्या अंकांच्या पिना गंजल्या असतील तर पानं मधोमध उघडा, पिनेचे पाय सरळ करून पिन हळूच काढा आणि त्याच भोकांतून सुती दोरा ओवा.

स्कॅनिंग

रेषाचित्र आहे म्हणून ‘ब्लॅक अँड व्हाइट’ मोड निवडतात. त्यात निळी पेन्सिल, पांढरा रंग आणि डकवलेल्या तुकड्याची कड सगळंच नाहीसं होतं. मूळ चित्र २४ बिट रंगात, ६०० डीपीआयला (दर इंचाला ६०० ठिपके), टिफ या दर्जा न घटवणाऱ्या फाइलमध्ये घ्या, मागची बाजूही घ्या. ए-४ चित्राची फाइल साधारण १०० एमबी होते, तेवढी जागा आधीच धरा. छापील अंकातल्या ठिपक्यांमुळे नक्षीसारखे पट्टे दिसले तर ते पुसायचं काम जेपेग प्रतीवर करा, मूळ फाइल तशीच राहू द्या.

‘आवाज’च्या दिवाळी अंकातली खिडकीचित्रं एका स्कॅनमध्ये मावत नाहीत. पानाला पाडलेल्या खिडकीतून मागच्या पानाचा नेमका तुकडा दिसतो. वाचकाची समजूत करून द्यायची आणि खिडकी उघडल्यावर ती समजूत मोडायची, ही तिची सारी गंमत. म्हणून तीन स्कॅन हवेत: खिडकी बंद, खिडकी उघडी आणि मागचं पूर्ण पान. खिडकीची घडी आधीच कमकुवत झालेली असते, तेव्हा ती बोटाने न उचलता कागदाच्या पट्टीने उचला. असे अंक बाइंडिंगला देऊ नका. कडा कापल्या की पानं मागेपुढे सरकतात आणि खिडकीतलं चित्र जुळत नाही.

स्कॅन झालं म्हणून कागद टाकून देणं ही सगळ्यात महागडी चूक. अमेरिकेतल्या ग्रंथालयांनी वर्तमानपत्रांची मायक्रोफिल्म केली आणि मूळ अंक काढून टाकले. कृष्णधवल फिल्मवर रविवारच्या रंगीत चित्रमालिकांचा रंगच उतरला नव्हता. बिल ब्लॅकबिअर्ड या संग्राहकाने असे टाकलेले अंक गोळा केले, म्हणून ते टिकले. ७५ टनांचा तो संग्रह आज ओहायो स्टेट विद्यापीठाच्या व्यंगचित्र ग्रंथालयात आहे.

नोंदी

तारखेविना कात्रण निम्मं मुकं असतं. तारीख नसेल तर मागची बाजू वाचा: सिनेमाची जाहिरात, क्रिकेटचा धावफलक यांवरून आठवडा सापडतो. त्यामुळे कात्रणं वहीत चिकटवू नका. नोंदीत चित्रकार, नियतकालिक, तारीख, पान, माध्यम, मिलिमीटरमध्ये आकार आणि चित्राखालची ओळ जशीच्या तशी युनिकोडमध्ये लिहा. चित्रातल्या व्यक्तींची नावंही ओळखणारी माणसं आहेत तोवर लिहून घ्या. चित्र मालकीचं असलं तरी ते छापण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. भारतात कॉपीराइट चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. हक्क कोणाकडे आहे, हा रकाना पहिल्या दिवसापासून ठेवा.

नोंदीचा क्रमांक चित्रावर शिक्क्याने किंवा बॉलपेनने घालू नका. चित्र स्वच्छ कागदावर पालथं ठेवा, खाली कडक काच असू द्या आणि मागच्या खालच्या कोपऱ्यात २बी पेन्सिलने, न दाबता, लिहा.