आश्रमशाळेत घसादुखीची नोंदवही कशी ठेवावी

नाशिक जिल्ह्यातील पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर आणि इगतपुरी या तालुक्यांतील आश्रमशाळांमध्ये शाळकरी वयाची मुले एकत्र राहतात आणि मोठ्या खोल्यांत शेजारी शेजारी अंथरूण घालून झोपतात. ‘स्ट्रेप्टोकॉकस पायोजेन्स’ या जिवाणूला, म्हणजे ‘अ’ गटातील स्ट्रेप्टोकॉकसला, पाच ते पंधरा हेच वय आणि हीच दाटी मानवते. खोकल्या-शिंकांच्या तुषारांतून तो पसरतो, घसा धरतो, आणि बहुतेक मुले आठवडाभरात बरी होतात. मात्र उपचार न मिळालेल्या काही मुलांना पुढे दोन ते तीन आठवड्यांनी रुमॅटिक ताप, म्हणजे सांध्यांना व हृदयाला सूज आणणारा आजार, येतो आणि त्यातून हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होऊ शकतात. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक आढाव्यानुसार या एका जिवाणूमुळे दरवर्षी किमान ५ लाख १७ हजार माणसे दगावतात आणि घशाच्या संसर्गाचे ६१ कोटींहून अधिक नवे रुग्ण होतात. घसादुखीचे आकडे अशा आढाव्यांत अंदाजानेच मांडावे लागतात, कारण जिथे मूल आजारी पडते तिथे बहुधा कोणी नोंदच करत नाही.

ही नोंद वसतिगृहाचे अधीक्षक, अधीक्षिका आणि आरोग्यसेविका करू शकतात. नाशिकच्या वैद्यकीय आणि परिचर्या महाविद्यालयांतील जे विद्यार्थी या विषयावर प्रकल्प करू इच्छितात, त्यांनाही हीच वही सर्वांत उपयोगी पडेल.

सर्वांत महत्त्वाचा रकाना

साधारणपणे आजारी मुलांच्या वहीत एकच तारीख असते, ती म्हणजे मुलाने तक्रार सांगितली त्या दिवसाची. घसादुखीसाठी ती पुरत नाही. दुखणे सुरू झाल्याची, कळल्याची आणि औषध सुरू झाल्याची अशा तीन वेगळ्या तारखा हव्यात. १९५० च्या सुमारास अमेरिकेतील वायोमिंग राज्यातल्या वॉरन हवाई तळावर बराकीत राहणाऱ्या तरुण सैनिकांवर जे अभ्यास झाले, त्यांतून पेनिसिलिनने घशातील संसर्गावर वेळेत उपचार केल्यास रुमॅटिक ताप टळतो हे सिद्ध झाले. घसा दुखू लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत उपचार सुरू झाला तरी हा लाभ मिळतो. म्हणून वहीतील पहिल्या आणि तिसऱ्या तारखेतील अंतर हेच आपल्या कामाचे खरे माप आहे, आणि पहिली तारीख चुकली तर पुढचा सगळा हिशेब चुकतो.

लहान मुलाला तारीख विचारली तर ते गोंधळते. त्याऐवजी त्याच्या आठवड्यातील ठळक गोष्टींचा आधार घ्यावा: आठवडे बाजाराच्या दिवशी जेवताना दुखत होते का, आई भेटायला आली तेव्हा नीट गिळता येत होते का, रविवारी खेळायला गेला होतास का. सुरगाण्या-पेठेकडील पहिली-दुसरीच्या मुलांना घरची कोकणा बोली जवळची असते, तेव्हा ती बोली येणारे मोठे मूल किंवा स्वयंपाकी मावशी शेजारी असली की उत्तर लवकर आणि खरे मिळते. नमुन्यादाखल एक नोंद अशी असेल: “मुलगी, वय १०, पाचवी. सोमवारी रात्री भात गिळताना दुखू लागले. गुरुवारी सकाळी अधीक्षिकेला सांगितले. ताप आहे, खोकला नाही, नाक वाहत नाही. मानेच्या पुढच्या बाजूला गाठी, दाबल्यावर दुखतात. शुक्रवारी प्राथमिक आरोग्य केंद्रात नेले, औषध त्याच दिवशी सुरू.” म्हणजे मुलगी तीन दिवस गप्प राहिली आणि शाळेने तिला एका दिवसात केंद्रात पोहोचवले. अशा वीस-तीस नोंदी एकत्र पाहिल्या की उशीर कुठे होतो हे कोणाला दोष न देता स्पष्ट दिसते. माझ्या मते मुले सांगायला का कचरतात, हा प्रश्न येथे औषधाच्या उपलब्धतेइतकाच महत्त्वाचा आहे. रोज रात्रीच्या हजेरीला “कोणाला गिळताना दुखते का?” एवढे एक वाक्य विचारले, तर पुष्कळ फरक पडेल.

नमुन्यातील लक्षणे मुद्दाम निवडलेली आहेत. ताप, खोकला नसणे, दुखऱ्या गाठी आणि टॉन्सिलवर पांढरट थर या चार खुणांची मोजणी १९८१ मध्ये सेंटॉर या डॉक्टरांनी मांडली, आणि १९९८ मध्ये मॅकआयझॅक या डॉक्टरांनी तिच्यात वयाची भर घातली. या खुणांवरून शक्यता कळते, खात्री होत नाही, कारण पुष्कळ घसादुखी विषाणूंमुळेही होते. अधीक्षकांनी खुणा लिहाव्यात, निदान वैद्यकीय अधिकाऱ्यांवर सोपवावे.

स्वॅब, रक्ततपासणी आणि त्यांचे अर्थ

संशोधनासाठी घशाचा स्वॅब, म्हणजे कापसाच्या काडीने घेतलेला नमुना, घ्यायचा असेल, तर तो प्रतिजैविकाच्या पहिल्या मात्रेआधी घ्यावा. जीभ खाली दाबून, दोन्ही टॉन्सिलवर आणि मागच्या भिंतीवर कापूस नीट फिरवावा. जिभेला किंवा गालाला तो लागू देऊ नये. हा जिवाणू कोरडेपणा बऱ्यापैकी सोसतो, त्यामुळे घाट ओलांडून नाशिकच्या प्रयोगशाळेत नमुना पोहोचायला वेळ लागणार असेल तर ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलसह कोरडा ठेवून पाठवण्याची पद्धत वापरता येते. प्रयोगशाळेत मेंढीचे रक्त घातलेल्या माध्यमावर तो वाढवतात आणि निकालाला एक ते दोन दिवस लागतात.

निकालाचा अर्थ लावताना घाई होते, ती टाळावी. शाळकरी मुलांत दहापैकी एखाद्याच्या घशात हा जिवाणू कोणताही त्रास न देता राहू शकतो. अशा वाहक मुलांना सरसकट औषध देण्याचे कारण नसते. म्हणूनच निरोगी मुलांचे स्वॅब घेतले असतील, तर ते आजारी मुलांच्या आकड्यांत कधीही मिसळू नयेत. रक्तातील ‘एएसओ’ तपासणीबाबत, म्हणजे या जिवाणूविरुद्ध शरीराने तयार केलेल्या प्रतिपिंडांच्या मोजणीबाबत, तर अधिकच सावध राहावे. ती वाढलेली असणे म्हणजे अलीकडे केव्हा तरी संसर्ग होऊन गेला, एवढेच. संसर्गानंतर तीन ते सहा आठवड्यांनी ती सर्वांत वर असते. केवळ हा आकडा जास्त आला म्हणून सांधे न सुजलेल्या, हृदय ठणठणीत असलेल्या मुलाला रुमॅटिक ताप पुन्हा येऊ नये म्हणून देतात त्या पेनिसिलिनच्या सुया वर्षानुवर्षे घ्यायला लावणे हा त्या मुलावर अन्याय आहे.

उपचाराच्या नोंदीपेक्षा जास्त काही करायचे असेल, म्हणजे स्वॅब, रक्त किंवा माहिती अभ्यासासाठी वापरायची असेल, तर आधी संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता आणि पालकांची लेखी संमती घ्यावी, शिवाय समजत्या वयाच्या मुलाचा होकारही घ्यावा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे याबाबत स्पष्ट आहेत. मुख्याध्यापकांची परवानगी पालकांच्या संमतीची जागा घेऊ शकत नाही.

औषधाचा रकाना

या जिवाणूत पेनिसिलिनला रुग्णांमध्ये प्रतिरोध निर्माण झाल्याचे आजवर आढळलेले नाही, ही वैद्यकातील दुर्मीळ आणि मोलाची गोष्ट आहे. ॲझिथ्रोमायसिनच्या गटातील औषधांना मात्र तो होतो. तोंडाने घ्यायचे पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन पूर्ण दहा दिवस द्यावे लागते. तिसऱ्या दिवशी मूल खेळायला लागते आणि गोळ्या कपाटात राहतात, म्हणून दहा दिवसांचे दहा छोटे चौकोन वहीत आखावेत आणि गोळी समोर गिळल्यावरच खूण करावी. दुसरा मार्ग बेन्झाथिन पेनिसिलिनच्या एका इंजेक्शनचा आहे: २७ किलोपर्यंतच्या मुलास ६ लाख युनिट, त्याहून जास्त वजनास १२ लाख. ते देण्याआधी ॲलर्जीची चौकशी करावी, आणि जिथे तीव्र प्रतिक्रिया आल्यास तत्काळ उपचार होऊ शकतात अशाच केंद्रात ते द्यावे.

त्वचेसाठीही एक रकाना ठेवावा. खरूज खाजवून जखमा होतात, त्यांत हाच जिवाणू शिरतो आणि काही आठवड्यांनी चेहऱ्यावर सूज व चहासारखी लघवी अशी मूत्रपिंडाची दुखणी दिसू शकतात. फिजी बेटांवर संपूर्ण वस्तीला आयव्हरमेक्टिन हे खरजेवरचे औषध दिल्यावर वर्षभरात खरजेचे प्रमाण ३२ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आले आणि पू भरलेल्या फोडांचेही प्रमाण बरेच घटले.

ज्या मुलाचे सांधे एकामागून एक सुजतात, हातपाय आपोआप हलतात किंवा चढ चढताना धाप लागते, त्याला थेट जिल्हा रुग्णालयात पाठवावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीत रुमॅटिक हृदयविकाराचा समावेश आहे, तेव्हा पथक येईल त्या दिवशी ही वही त्यांच्यासमोर उघडून ठेवावी. केवळ स्टेथोस्कोपवर विसंबू नये: कंबोडियातील ३,६७७ मुलांच्या तपासणीत कानाने ८ जणांचा आजार सापडला, इकोने, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीने, ७९ जणांचा. युगांडातील अभ्यासात, इकोवर सौम्य दोष दिसलेल्या मुलांना दर चार आठवड्यांनी पेनिसिलिन दिल्यावर दोन वर्षांत आजार बळावण्याचे प्रमाण ८.२ टक्क्यांऐवजी ०.८ टक्के राहिले.

अशी इंजेक्शने सुरू असलेल्या मुलाची सुई आपल्याकडे बहुधा दिवाळीनंतर चुकते. पेठ-सुरगाण्यातील कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर कामाला जातात आणि काही मुले त्यांच्यासोबत तिकडेच राहतात. म्हणून अशा मुलाच्या नोंदीत शेवटचा रकाना स्थलांतराचा असावा: कोणत्या गावी, कोणाच्या बागेवर, जवळचे आरोग्य केंद्र कोणते, पुढील सुईची तारीख कोणती. हीच माहिती जाड कागदावर उतरवून सुटीच्या आधी आईच्या हाती द्यावी आणि त्या गावच्या आशाताईंना फोन करून कळवावी. ती तारीख उलटून दोन दिवसांत उत्तर आले नाही, तर पुन्हा फोन करावा.