पिवळ्या हेडलाइट घरीच साफ केल्या

आमची गाडी इंदूरच्या उन्हात कायम उघड्यावर उभी. हेडलाइट इतक्या पिवळट झाल्या होत्या की रात्री बायपासवर समोरचं धड दिसेना. खरं तर ती काच नसतेच, पॉलिकार्बोनेट असतं. त्यावरचा संरक्षक थर उन्हातल्या अतिनील किरणांनी खराब होतो आणि प्लास्टिक पिवळं पडतं.

टूथपेस्टने चमक येते, पण टिकत नाही. म्हणून सियागंज बाजारातून ८००, १५००, २००० आणि ३००० नंबरचे वॉटर पेपर, म्हणजे पाणी लावून घासायचे सँडपेपर आणले (नंबर मोठा तितका पेपर बारीक). शेजारचे काका म्हणाले, "अरे, नवीनच बसव की!" (नव्याची किंमत त्यांनाच विचारायला हवी होती.)

आजूबाजूच्या रंगावर मास्किंग टेप दुहेरी लावली. ८०० ने, भरपूर पाणी मारत घासलं की पिवळसर पाणी ओघळतं. तो जुना थर. ते पांढरं होईस्तोवर पुढचा नंबर घ्यायचा नाही. प्रत्येक नवा पेपर आधीच्याला आडवा फिरवायचा, म्हणजे राहिलेले ओरखडे लगेच दिसतात. या टप्प्यावर हेडलाइट आधीपेक्षा धुरकट दिसते, घाबरू नये. ३००० नंतर रबिंग कंपाउंडने (पॉलिशच्या पेस्टने) घोटलं आणि प्लास्टिक लख्ख झालं.

इथेच थांबलात तर काही महिन्यांत पुन्हा तेच. अल्कोहोलने पुसून, वाळवून, यूव्ही (अतिनील किरण) रोखणाऱ्या क्लिअर कोटचे, म्हणजे पारदर्शक लेपाचे, पातळ हात मारलेच पाहिजेत. तो टू-के प्रकारचा, म्हणजे हार्डनर मिसळायचा असेल तर त्याची वाफ घातक असते, साधा कापडी मास्क चालत नाही.

आतून बाष्प धरत असेल तर मात्र घासून उपयोग नाही, सील तपासा.