बकुळीची साल: हिरड्यांसाठी गुळण्या

दात घासताना हिरड्यांतून रक्त येत असेल, तर बकुळीची साल घरात असू द्या. कोकण-गोव्यात बकुळीला ओवळ म्हणतात. बारा महिने हिरवं राहणारं हे झाड. त्याची साल तुरट, आणि हा तुरटपणाच सुजलेल्या, सैल पडलेल्या हिरड्या आवळून धरतो.

वाळलेल्या सालीची भरड 1 चमचा घ्या, 2 कप पाण्यात मंद आचेवर निम्मं होईपर्यंत उकळा. गाळून कोमट झालं की तोंडात मिनिटभर खुळखुळवा, मग थुंका. दिवसातून 2 वेळा पुरे. काढा रोज ताजा करावा. आठवड्यात फरक पडला नाही, किंवा दात हलू लागला असेल, तर दंतवैद्याकडे जाच.

साल मात्र उभ्या खोडाची सोलू नका. खोडाभोवती गोल साल निघाली की झाड वाळतं, आणि बकुळ वाढायला फार वर्षं घेते. छाटलेल्या फांदीची घ्या, नाहीतर काष्ठौषधींच्या दुकानातून आणा.

पहाटे झाडाखाली पडलेली फुलंही वेचा. सावलीत सुकवून कपाटात ठेवा; सुकल्यावरही त्यांचा वास कितीतरी दिवस जात नाही.