चिखलदऱ्याला जाताय? आधी परतवाड्यात थांबा

अमरावतीहून चिखलदऱ्याला जाताना परतवाडा लागतं. पेट्रोल, रोख पैसे, औषधं, सगळं तिथेच उरका. पुढे घाट आणि जंगल. मोबाईलच्या रेंजवर विसंबू नका.

पावसाळ्यात भीमकुंडाचा धबधबा बघण्यासारखा असतो, पण धुकं उतरलं की समोरची दरीसुद्धा दिसत नाही. तेव्हा पॉइंटवर पोचल्या पोचल्या परत फिरू नका, अर्धा तास काढा. वाऱ्याने पडदा हटतो. मेळघाटात वाघ बघायचा असेल तर मात्र हिवाळा-उन्हाळाच बरा, पावसाळ्यात गाभा क्षेत्रातली सफारी सहसा बंद असते.

सगळे पॉइंट एका दिवसात उरकायच्या नादात गाविलगड राहून जातो, आणि माझ्या मते बघायचा तर तोच. १८०३ मध्ये इंग्रजांनी तो जिंकला. सकाळीच जा, पाणी जवळ ठेवा, पायात पकड असलेले बूट घाला. शेवाळलेल्या फरशांवर चपला घसरतात. दिल्ली दरवाज्यावरचं गंडभेरुंड, म्हणजे दोन डोक्यांच्या काल्पनिक पक्ष्याचं शिल्प, मान वर करून नीट बघा, लोक खालून तसेच निघून जातात.

शनिवार-रविवारी खोली आधी ठरवूनच निघा. येताना इथली कॉफी घ्यायला विसरू नका.