कचरा डेपोजवळ विहीर असेल तर पहिल्या पावसाआधी पाणी तपासून घ्या

राम राम मंडळी. मृग तोंडावर आलाय, बागायती कापूस लावून झालाय, केळीवाल्यांची मृगबागेची तयारी चालू आहे, बी-बियाणं खताची धावपळ तर सगळ्यांचीच, आणि त्यात एक काम हमखास राहून जातं म्हणून मुद्दाम लिहितोय. कचरा डेपोच्या आसपास, खासकरून उताराच्या बाजूला ज्यांची विहीर नाहीतर बोअर आहे त्यांनी पावसाच्या आत पाण्याचा एक नमुना तपासून घ्या, आणि दोन-तीन दमदार पाऊस झाले की परत एकदा. एकच रिपोर्ट असला की "इकडचं पाणी आधीपासूनच खारं" असं म्हणून विषय मिटवतात. दोन असले की फरक दाखवता येतो.

कचऱ्यातून पाऊस झिरपला की काळपट घाण पाणी निघतं, लीचेट म्हणतात त्याला. त्यात क्षार, क्लोराईड, अमोनिया, लोह असतं, आणि जुन्या बॅटऱ्या वगैरे पडलेल्या असतील तर शिसं-कॅडमियमपण. आपली काळी जमीन ओली झाली की फुगून बंद होते, पण मे महिन्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा असतात, त्यामुळे पहिल्या पावसाचं पाणी गाळलं न जाता सरळ खाली उतरतं. धुळे, पारोळा, अमळनेरकडे खाली काळा पाषाण, पाणी फटीफटीतून चालतं, म्हणून डेपोजवळची विहीर चांगली आणि लांबची खराब असंही होऊ शकतं. रावेर-यावलला सातपुड्याच्या पायथ्याशी गोटे-वाळूचा थर आहे, तिथं पाणी भराभर मुरतं, मग तिथल्या नाल्यात कचरा टाकणं किती घातक ते तुम्हीच बघा. मुरूम काढलेल्या खड्ड्यात कचरा भरणं तर सगळ्यात वाईट, गाळणारी मातीच तिथं उरलेली नसते. 2016 च्या घनकचरा नियमांत कचऱ्याची भरावभूमी नदीपासून 100 मीटर आणि तळं, वस्ती, पाणीपुरवठ्याची विहीर यांच्यापासून 200 मीटर लांब पाहिजे असं म्हटलं होतं, पण आपण 200 मीटरच्या पलीकडे आहोत म्हणून बिनघोर राहू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. विहीर पुनर्भरण चांगलंच आहे, पण डेपोकडून वाहून येणारं पाणी चुकूनही विहिरीत किंवा बोअरमध्ये सोडू नका, त्या बाजूला चर खोदून पाणी वळवा, विहिरीचा काठ उंच करून घ्या, बोअरच्या केसिंगभोवती सिमेंटचा ओटा करा. जमिनीतून मुरताना थोडंफार तरी गाळलं जातं, थेट सोडलं की तेही नाही.

नमुना घेताना मोटर दहा-पंधरा मिनिटं चालू द्या, स्वच्छ बाटली त्याच पाण्यानं विसळा, काठोकाठ भरा आणि त्याच दिवशी भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा लॅबला पोचवा. जड धातू आणि जंतू तपासायचे तर बाटली लॅबकडूनच मागून घ्या, त्याची पद्धत वेगळी असते. पिकासाठी ईसी (पाण्यात एकूण क्षार किती ते दाखवणारा आकडा) आणि क्लोराईड बघा. ईसी 2.25 डेसीसायमन प्रति मीटरच्या वर गेली तर नुसतं तेच पाणी, चांगलं पाणी न मिसळता, केळीला देऊ नका, केळीला क्षार सोसत नाहीत, पानाच्या कडा करपायला लागतात.

घरीपण एक बघता येतं. बादलीभर पाणी रात्रभर ठेवा. तळाला तांबूस गाळ बसला की लोह जास्त आहे, ठिबकचे ड्रिपर त्यानंच चोक होतात. वर तेलकट तवंग दिसला तर काडीनं हलवा, तुकडे तुकडे झाले तर बहुतेक लोहाच्या जिवाणूंचा, परत जुळून आला तर तेलाचा.

पण नितळ दिसतं म्हणून प्यायला चांगलं असं नाही हो. नायट्रेटला रंग नाही, वास नाही. लिटरला 45 मिलिग्रॅमच्या वर असेल तर लहान बाळाच्या दुधात ते पाणी अजिबात नको, आणि उकळून ते जात नाही, उलट पाणी आटतं तसं वाढतं. टीसीएल (ब्लिचिंग) पावडरनं जंतू मरतात, नायट्रेट आणि शिसं तसंच राहतं.

डेपोतली काळी माती फुकट मिळते म्हणून वावरात टाकणारे पण आहेत, काच-प्लास्टिक सोबत येतं आणि धातू जमिनीत राहून जातात, नका टाकू.

रिपोर्ट खराब आला तर पावसाआधीच्या आणि नंतरच्या दोन्ही रिपोर्टच्या झेरॉक्स जोडून ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेला आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी अर्ज द्या, पोच घ्या, शेजारच्या विहीरवाल्यांच्या सह्यापण घ्या.