प्रवासात निसर्गचित्रे रंगवताना होणाऱ्या चुका आणि त्यांवरचे उपाय

लांबच्या प्रवासाला गाडीने निघताना रंगपेटी आणि स्केचबुक आठवणीने सोबत घेणारे पुष्कळ असतात. परतल्यावर मात्र वहीतली निम्मी पाने कोरी आणि उरलेली मनासारखी न उतरलेली, असाच अनुभव त्यांतल्या बहुतेकांना येतो. दोष सहसा हाताला दिला जातो. प्रत्यक्षात फसलेली चित्रे नीट पाहिली, तर बरीचशी ब्रश कागदाला लागण्यापूर्वीच फसलेली असतात, असे लक्षात येते. कधी कागद भर उन्हात धरलेला असतो, कधी अर्ध्या तासाच्या थांब्यात दोन तासांचे चित्र मांडलेले असते, तर कधी समोरच्या विस्तीर्ण देखाव्यातले नेमके काय घ्यायचे हेच ठरलेले नसते. या चुका हाताला सफाई येण्याची वाट न पाहताही टाळता येतात.

हाताशी असलेला वेळ आणि कागदाचा आकार

सर्वांत जास्त चित्रे बिघडतात ती इथे. पृथ्वी स्वतःभोवती तासाला १५ अंश फिरते, म्हणजे आकाशातला सूर्यही आपल्या दृष्टीने तेवढाच सरकतो, आणि सकाळी किंवा संध्याकाळी, सूर्य खाली असताना, सावल्यांची लांबी व दिशा डोळ्यांदेखत बदलते. दोन तासांनंतर समोर असतो तो वेगळाच देखावा. तरीही चित्रकार सुरुवातीला मांडलेले झाड तसेच ठेवतो, त्याची सावली मात्र एक तासाने दिसते तशी रंगवतो, आणि मग चित्रात काहीतरी खटकते आहे पण काय ते सापडत नाही, अशी अवस्था होते. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने याने १८९०–९१ मध्ये गवताच्या गंजींची चित्रमालिका रंगवताना एकाच वेळी अनेक कॅनव्हास हाताशी ठेवले होते आणि उजेड बदलला की तो कॅनव्हासही बदलत असे. प्रवाशाला एवढी चैन परवडणारी नाही. त्याच्यासाठी उपाय साधा आहे. बसल्याबरोबर, पहिल्या तीनचार मिनिटांत, सावल्यांच्या कडा पेन्सिलीने बांधून घ्याव्यात आणि पुढे सूर्य कुठेही गेला तरी त्या हलवू नयेत.

कागदाचा आकारही वेळेवरच ठरवावा. वीस मिनिटे असतील तर पोस्टकार्डाएवढा कागद पुरे. पाऊण तास असेल तर त्याच्या दुप्पट. मोठा कागद एखाद्या मुक्कामाच्या ठिकाणी, पहाटे किंवा दुपार कलल्यानंतर, सलग दोन तास मिळणार असतील तेव्हाच काढावा. प्रत्येक थांब्यावर पूर्ण चित्र झालेच पाहिजे हा हट्ट सोडला, तर सोबतच्या मंडळींचा रोषही टळतो, आणि लांबच्या प्रवासात ही बाब रंगांच्या निवडीइतकीच महत्त्वाची असते. किती वेळ थांबणार हे त्यांना आधीच सांगावे आणि तो शब्द पाळावा.

गाडी थांबवण्याची जागा

देखावा सुंदर दिसला म्हणून वळणावर किंवा रस्त्याच्या अरुंद कडेला गाडी उभी करू नये; असल्या जागी पाठ रस्त्याकडे करून बसावे लागते आणि सगळे लक्ष मागच्या वाहनांकडे राहते. जागा हेरण्याचे काम गाडी चालवणाऱ्याने करू नये. कुणाच्या शेतात किंवा खासगी आवारात शिरण्यापूर्वी परवानगी घ्यावी.

उन्हात धरलेला कागद

जागेवर उत्तम वाटलेले चित्र संध्याकाळी खोलीत पाहिले की काळपट आणि मळकट दिसते, ही तक्रार इतकी सार्वत्रिक आहे की तिचे कारण समजून घेतलेले बरे. थेट उन्हात पांढरा कागद डोळे दिपवण्याइतका उजळ दिसतो आणि त्यावर लावलेली प्रत्येक छटा फिकी भासते. साहजिकच रंग अधिकाधिक गडद होत जातो, आणि मग घरातल्या साध्या उजेडात त्याचे खरे रूप उघडे पडते. कागद आणि पॅलेट दोन्ही सावलीत असावेत. निदान बसण्याची दिशा बदलून कागदावर स्वतःची सावली पाडावी. रंगीत काचांचा गॉगल रंगवताना काढून ठेवावा. गाडीत बसून रंगवायचे असेल, तर गडद काच खाली करावी, कारण काचेतून दिसणारा देखावा आणि मांडीवरचा कागद यांवर वेगवेगळा उजेड पडलेला असतो.

छत्री वापरणाऱ्यांनी तिचा रंग पाहून घ्यावा. मी एकदा लाल छत्रीखाली बसून एक दरी मोठ्या समाधानाने रंगवली. कागदावर लालसर झाक पडत होती, त्यामुळे नकळत मी प्रत्येक मिश्रणातला लाल कमी करत गेलो आणि छत्री मिटल्यावर ती दरी निळसर-हिरवट, आजारी माणसाच्या चेहऱ्यासारखी दिसू लागली. छत्री पांढरी, करडी किंवा आतून काळी असावी. भडक रंगाचा सदराही कागदावर आपला रंग टाकतो.

सगळे काही एकाच चौकटीत

उंचावरून दिसणारा विस्तार पाहिला की नदी, गाव, पाच डोंगर, ढग आणि पायाशी उमललेली रानफुले सगळेच हवेसे वाटते. परिणामी कागदावर सगळे येते आणि काहीच ठसत नाही. जाड कागदाचे इंग्रजी 'एल' आकाराचे दोन तुकडे एकमेकांवर ठेवून चौकट तयार करावी, ती डोळ्यांपुढे पुढेमागे सरकवावी आणि जिथे नजर सहज थांबते तेवढाच भाग घ्यावा. त्यानंतर डोळे किलकिले करून पाहावे: तपशील नाहीसे होतात आणि उजळ, मध्यम व गडद असे तीन मोठे आकार उरतात. आगपेटीएवढ्या चौकोनात हे तीन आकार पेन्सिलीने भरून पाहिले आणि ते लहान चित्रच गोंधळलेले दिसले, तर मोठ्या कागदावर रंगांनी ते सावरणार नाही. हे काम तीन मिनिटांचे असूनही बहुतेक जण ते टाळतात, आणि माझ्या मते बाकी सगळ्या चुका एकत्र केल्या तरी या एका आळसाइतके नुकसान त्या करत नाहीत.

डोंगर प्रत्यक्षापेक्षा उंच आणि अधिक टोकदार काढले जातात, कारण जे मनात भरते ते हात मोठे करतो. हात कोपरातून सरळ ताणून, एक डोळा मिटून, पेन्सिलीने डोंगराची उंची व रुंदी मोजली तर खरे प्रमाण कळते. ते पाळावे की मुद्दाम मोडावे हे नंतर ठरवता येते, पण मोडताना ठाऊक असावे.

प्रवासातल्या चित्रांत रस्ता हमखास येतो आणि हमखास चुकतो. सपाट जमिनीवरच्या सरळ रस्त्याच्या दोन्ही कडा दूर जाताना आपल्या डोळ्यांच्या पातळीवर, म्हणजे क्षितिजरेषेवर, एका बिंदूत मिळताना दिसतात. एवढे शिकलेला माणूस घाटातल्या रस्त्यालाही तोच नियम लावतो आणि मग चढाचा रस्ता सपाट दिसतो. समोर चढत जाणाऱ्या रस्त्याच्या कडा क्षितिजरेषेच्या वर मिळतात, तर उतरत जाणाऱ्या रस्त्याच्या कडा तिच्याखाली. रस्ता आधी उतरून मग पुन्हा चढत असेल, तर प्रत्येक टप्प्याचा मिळण्याचा बिंदू निराळा असतो आणि मधला काही भाग दिसतच नाही. तो न काढता रस्ता तोडून पुढे पुन्हा सुरू केला की उतार आपोआप जाणवतो. आणखी एक: बसून सुरू केलेले चित्र उभे राहून पूर्ण करू नये. डोळ्यांची उंची बदलली की क्षितिजरेषा बदलते आणि जवळचे कुंपण, खांब, दगड यांचा तिच्याशी असलेला मेळ तुटतो.

हिरवा रंग आणि दूरचे डोंगर

ट्यूबमधला तयार हिरवा तसाच वापरला तर झाडी प्लॅस्टिकची दिसते. अल्ट्रामरीन निळा आणि यलो ऑकर (मातकट पिवळा) यांपासून मंद हिरवा मिळतो. लेमन यलो घेतला तर उजळ मिळतो. आणि तयार हिरव्यात बर्न्ट सायना (तांबूस तपकिरी) मिसळला तर त्याचा भडकपणा उतरतो. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सायना मिळून सुंदर करडा होतो, त्यामुळे प्रवासात काळा रंग नेण्याची गरज उरत नाही. मोजके सहासात रंग पुरतात आणि पॅलेटही लहान राहते.

दूरचे डोंगर फिके आणि निळसर दिसतात, कारण मधल्या हवेत निळा प्रकाश अधिक विखुरतो आणि तो विखुरलेला प्रकाश त्यांच्यावर पडद्यासारखा येतो. हे पाठ झालेले असते, पण त्यातला अपवाद लक्षात राहत नाही. उंचावरच्या कोरड्या, स्वच्छ हवेत हा परिणाम फार कमी असतो. तिथे कित्येक किलोमीटरवरचा कडाही जवळच्या टेकडीइतका स्पष्ट दिसतो. अशा ठिकाणी पुस्तकी निळा फासण्याऐवजी लहान-मोठ्या आकारांतून आणि एकमेकांआड गेलेल्या कडांतून अंतर दाखवावे लागते.

कागद, पाणी आणि हवामान

जलरंगांसाठी पातळ कागद नेला की पहिल्याच वॉशला, म्हणजे पाणीदार रंगाच्या पातळ थराला, त्याला लाटा येतात आणि रंग खळग्यांत साचतो. ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) कागद पाणी बऱ्यापैकी सोसतो. त्याच्या चारही कडा चिकटपट्टीने फळीवर बसवल्या आणि पूर्ण सुकल्यावरच पट्टी काढली तर तो सपाट राहतो. जलरंग सुकल्यावर फिका पडतो, ॲक्रिलिक किंचित गडद होतो आणि गॉशमध्ये, म्हणजे अपारदर्शक जलरंगात, सहसा उजळ छटा गडद व गडद छटा उजळ होतात. म्हणून नवा रंग आणला असेल तर त्याची सुकलेली पट्टी आधीच वहीच्या शेवटच्या पानावर लावून ठेवावी.

दमट हवेत वॉश सुकतच नाही आणि अर्धवट ओल्या भागावर ब्रश टेकवला की फुलकोबीसारखे डाग उमटतात. अशा दिवशी कमी पाणी घ्यावे आणि एक भाग सुकेपर्यंत दुसऱ्या पानावर रेखाटन करावे. कोरड्या, वाऱ्याच्या जागी याच्या उलट, रंग पसरण्यापूर्वीच सुकतो. तिथे कागदाची मागची बाजू ओलसर करून घेतल्याने थोडा अवधी मिळतो. गोठवणाऱ्या थंडीत जलरंगाचे कागदावरच स्फटिक होतात. पाण्यात थोडे रंगहीन अल्कोहोल घातल्यास ते उशिरा गोठते. नाहीतर त्या दिवशी पेन्सिल बरी.

शाईने रेखाटून वर जलरंग देणाऱ्यांनी शाई जलरोधक आहे का, हे निघण्यापूर्वीच तपासावे. फाउंटन पेनची साधी शाई पाण्याने फुटते आणि सगळे आकाश निळे-काळे करते. ब्रश धुतलेले पाणी ओढ्यात किंवा तळ्यात ओतू नये, कारण कॅडमियम आणि कोबाल्ट असलेले काही रंग पाण्यातल्या जिवांना घातक असतात. ते बाटलीत भरून परत न्यावे.

गाडीत ठेवलेले सामान

उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत स्प्रे फिक्सेटिव्हचा (कोळशाचे किंवा पेन्सिलीचे चित्र पुसू नये म्हणून फवारण्याच्या द्रवाचा) डबा आणि टर्पेंटाइन ठेवणे धोक्याचे आहे. त्याहून कमी ठाऊक असलेला धोका जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा. हे तेल हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन सुकते, त्या क्रियेत उष्णता निर्माण होते, आणि चिंध्यांचा बोळा करून ठेवला तर ती आत कोंडून कापड आपोआप पेट घेऊ शकते. चिंध्या पसरून मोकळ्या हवेत सुकवाव्यात किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवाव्यात. तैलरंगाचे चित्र सुकायला अनेक दिवस लागतात, त्यामुळे दोन फळ्यांच्या रंगवलेल्या बाजू समोरासमोर ठेवून मध्ये चारही कोपऱ्यांत ठोकळे देऊन त्या बांधाव्या लागतात. याची तयारी नसेल तर तैलरंग घरीच राहू द्यावेत. कोळसा आणि मऊ पेन्सिल गाडीच्या हादऱ्यांनी समोरच्या पानावर घासली जाते. पानांमध्ये ट्रेसिंग पेपर घालून वहीला दोन रबरबँड घट्ट लावले की पाने सरकत नाहीत.

फोटोवर टाकलेला भरवसा

वेळ संपला की फोटो काढून उरलेले चित्र नंतर पूर्ण करू, असे वाटते. फोनची मुख्य लेन्स रुंद कोनाची असते, म्हणून फोटोत दूरचे डोंगर डोळ्यांना वाटले त्यापेक्षा बुटके येतात. शिवाय सावल्या बऱ्याचदा काळ्या ठिक्कर पडतात किंवा आकाश पांढरे पडते. सावलीतला जांभळा, मातीवर पडलेला आकाशाचा निळा हे रंग तिथे सहसा मिळत नाहीत. फोटो आकारांसाठी जरूर वापरावा, पण रंगांसाठी शब्दांवर विसंबावे. अंटार्क्टिकात स्कॉटच्या मोहिमांतला डॉक्टर आणि चित्रकार एडवर्ड विल्सन कडाक्याच्या थंडीत पेन्सिलीने रेखाटन करून त्यावर रंगांच्या नोंदी लिहीत असे आणि जलरंगातले चित्र तळावरच्या निवाऱ्यात परतल्यावर रंगवत असे. इंग्रज निसर्गचित्रकार जॉन कॉन्स्टेबल याने १८२१–२२ मध्ये ढगांचे जे अभ्यास केले, त्यांतल्या अनेकांच्या मागे तारीख, वेळ आणि वाऱ्याची माहिती सापडते. 'डोंगर करडा' एवढे लिहून भागत नाही. 'डोंगर आकाशापेक्षा एक छटा गडद, तळाशी उबदार, सावली रस्त्याच्या सावलीहून निळी' अशी तुलना लिहिली तर महिन्याभरानेही ती उपयोगी पडते. ही नोंद गाडी सुरू होण्यापूर्वी, त्याच पानाच्या मागच्या बाजूला, वेळेसकट करावी.