काळ्या खडकाचा फोटो राखाडी येतोय?

इंदूरहून पावसाळ्यात पाताळपाणी, जानापाव किंवा जाम दरवाजाला जाणार असाल, तर कॅमेऱ्याच्या ऑटो मोडवर भिस्त ठेवू नका. विंध्याचा हा भाग सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, म्हणजे काळा बेसॉल्ट. कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर समोरचं सगळं मधल्या करड्या छटेवर आणू पाहतं. फ्रेमभर काळा कडा असला की ते उजेड वाढवतं. खडक धुरकट दिसतो आणि ढग पांढरेफटक. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटोतला उजेड कमी-जास्त करायची कॅमेऱ्यातली सोय, उणे ०.७ ते उणे १ करा. मोबाइलवर स्क्रीनला बोट लावून सूर्याचं चिन्ह थोडं खाली ओढा.

दरीत धुकं भरलं असेल तर उलट, अधिक ०.७. धुक्यासमोर फांदीवर बसलेल्या पक्ष्याला तर अधिक १ सुद्धा चालतं, नाहीतर नुसती सावलीच मिळते.

ओल्या दगडावरची चकाकी मात्र असा उजेड कमी-जास्त करून जात नाही. त्याला पोलरायझर, म्हणजे लेन्सपुढे लावायचा फिरता फिल्टर लागतो. तो फिरवत राहा, पानांचा हिरवाही खुलतो. मात्र पक्ष्यांच्या वेळी काढून ठेवा, एक-दीड स्टॉप, म्हणजे निम्मा किंवा त्याहून जास्त उजेड खातो.

आणि शेवाळलेल्या कड्यावर ट्रायपॉड रोवायचा हट्ट नको.